प्रहाराआधीचे दिवस : कामाची जागा आणि मराठी साहित्य

१

मराठी कथा-नाटकांतील हिंसेविषयी आपल्या समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी तिच्यात माणसातील आदिम प्रवृत्तीचा शोध घेतला, कोणी समाजरचनेतील अन्यायाचा. तथापि ही हिंसा ज्या ठिकाणी आकार घेते त्या ठिकाणाचा, माणूस जेथे पोटासाठी राबतो त्या कामाच्या जागेचा, स्वतंत्र विचार आमच्या वाचनात क्वचितच आला. बाबुराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आपण जातीची कथा म्हणून वाचतो. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक एकाकी स्त्रीच्या कोंडमाऱ्याचे नाटक म्हणून पाहतो. दोन्ही वाचने खरीच आहेत. पण पहिल्या कृतीचा नायक रेल्वेतील कामगार आहे आणि दुसरीची नायिका शाळेतील शिक्षिका आहे. दोघेही नोकरीच्या आधाराने ताठ उभे राहू पाहतात आणि दोघांवर घाव पडतो तो त्या आधारासकट. ही साधी गोष्ट आपल्या वाचनातून निसटते, आणि तिच्याबरोबर दुसरी एक मोठी गोष्टही निसटते, असे आम्हांस वाटते.

ती गोष्ट अशी की कामाच्या जागेवरील हिंसा एकाएकी उद्भवत नाही. प्रहार हा तिचा शेवट असतो. तिचा आरंभ पुष्कळ आधी, सर्वांच्या देखत आणि बहुधा हसतखेळत झालेला असतो. म्हणून ती टाळावयाची तर त्या आधीच्या दिवसांतच टाळली पाहिजे. कायद्याला ही गोष्ट उमगावयास फार काळ लागला. आपल्या चांगल्या लेखकांना मात्र ती आधीच दिसली होती. त्यांना काय दिसले, आणि त्यांची दृष्टी कोठे येऊन थांबते, हे येथे पाहावयाचे आहे.

२

कल्पित साहित्याकडे वळण्यापूर्वी एका सत्यकथनाकडे पाहिले पाहिजे. कारण पुढील साऱ्या विवेचनाची कसोटी त्यात आहे. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांतील एक आठवण बडोद्याची आहे आणि आम्हां बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना ती विशेष जवळची, म्हणूनच विशेष बोचणारी आहे.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले आंबेडकर करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास आले. कोलंबिया विद्यापीठाची पदवी होती, महाराज सयाजीरावांचा आश्रय होता, महालेखापालांच्या कचेरीत जागा होती. नव्हती ती फक्त राहावयास खोली. शेवटी एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव धारण करून आसरा घेतला. वरच्या मजल्यावरील अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या दालनात ते एकटे राहत. अकराव्या दिवशी सकाळी, ते कचेरीत जाण्यास निघत असताना, सुमारे डझनभर माणसे हातांत काठ्या घेऊन जिना चढून आली. ते कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याच दिवशी जागा सोडण्यास फर्मावले. आंबेडकरांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला. एक हिंदू होते, एक ख्रिस्ती. दोघांनीही नम्रपणे आपापल्या घरातील अडचण सांगितली. मग कमाटी बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. बडोद्यातील त्यांच्या या प्रसंगाचे स्मारक आज ‘संकल्पभूमी’ या नावाने ओळखले जाते.

या कथनातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. काठ्या घेतलेली माणसे कचेरीत आली नव्हती. पण त्यांच्यामुळे नोकरी गेली, कारण राहण्याची जागा गेल्यावर कामाची जागा टिकत नाही. कचेरीत काय चालले होते तेही चरित्रकारांनी नोंदविले आहे. शिपाई त्यांच्या मेजावर कागदपत्रे लांबूनच टाकीत, आणि पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत होती. म्हणजे काठी विश्रामगृहात उगारली गेली असली, तरी त्या दांडगाईला लागणारी संमती कचेरीच्या चार भिंतींत रोज, निमूटपणे तयार होत होती. कागद लांबून टाकणारा शिपाई स्वतःला हिंसक समजत नसणार. अडचण सांगणारे ते दोन सभ्य गृहस्थ तर नाहीच नाहीत. तरीही या सर्वांनी मिळून जे केले ते काठीपेक्षा कमी परिणामकारक ठरले नाही. पाणी, खोली, कागद पुढे करण्याची रीत, मित्राची अडचण, असा हिंसेचा क्रम येथे आहे. काठी या क्रमात सर्वांत शेवटी येते.

३

या घटनेनंतर शेहेचाळीस वर्षांनी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत कामास लागतो तो सुरतेला लागून असलेल्या उधना येथे. बडोदे आणि उधना ही एकाच लोहमार्गावरील स्थानके आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण दोन्ही कथनांची रचना इतकी सारखी आहे की आमची दृष्टी तेथे थबकते. येथेही शिकलेला तरुण नोकरीच्या आनंदात नव्या गावी येतो. येथेही पहिला पेच कामाचा नसून खोलीचा आहे. येथेही नाव किंवा जात झाकल्यावाचून छप्पर मिळत नाही. आणि येथेही झाकलेले उघडे पडताच हात उगारले जातात. बागुलांची कथा प्रसिद्ध झाली तेव्हा बडोद्याची ती आठवण छापली गेली नव्हती. तेव्हा हे साम्य उसनवारीचे नव्हे. शेहेचाळीस वर्षांत परिस्थितीचा सांगाडा बदललाच नव्हता, एवढेच ते सांगते.

मधल्या काळात राज्यघटना आली होती. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम १९५० पासून अमलात होते. अस्पृश्यता हा दंडनीय अपराध ठरविणारा कायदा १९५५ मध्ये झाला होता. बागुलांचा नायक या नव्या राज्याचा नागरिक आहे. त्याच्या मनात त्या नागरिकत्वाची उमेद आहे, काव्याची आवड आहे. त्याच्या बुद्धीवर भाळलेला सहकारी रामचरण तिवारी त्याला मान देतो, आपल्या घरी बोलावतो. कथेतील सर्वांत भीतिदायक भाग हाच आहे. मार खाण्याचे दृश्य भयंकर खरे. पण आम्हांला अधिक भयंकर वाटतो तो स्नेहाचा काळ. ज्या मानाने नायक सुखावतो तो मान त्याला नव्हेच, त्याच्या झाकलेपणाला मिळत आहे, हे वाचकाला ठाऊक असते आणि रामचरणला नसते. बागुलांनी कथा प्रथमपुरुषी ठेवली आहे ती याचसाठी. मिळालेला प्रत्येक घास, प्रत्येक आदराचा शब्द वाचक नायकाबरोबर गिळतो आणि त्याच्याबरोबर गुदमरतो.

त्याच कामावर काशीनाथ सपकाळ हा दुसरा तरुण आहे. तो जात झाकत नाही. अपमानाला अपमानाने, दांडगाईला दांडगाईने उत्तर देतो. एकाच कामाच्या जागेवर अपमानित माणसापुढे दोनच वाटा आहेत, झाकणे किंवा झुंजणे, हे बागुल या जोडीतून दाखवतात. शेवटी नायकावर प्रहार होतात तेव्हा त्याच्या मदतीला धावून येतो तो काशीनाथ, हातात सुरा घेऊन. अधिकारी नव्हे, कायदा नव्हे, सहकाऱ्यांपैकी कोणी विवेकी माणूसही नव्हे. आणि मार खाल्लेला नायक आपल्या यातनांचा दोष समोरच्या माणसांना न देता मनूला देतो.

या शेवटावर समीक्षकांनी मुख्यतः वैचारिक अंगाने लिहिले आहे. आम्हांला त्यातील व्यवहाराचे अंग तितकेच महत्त्वाचे वाटते. नायक तक्रार का करीत नाही? १९५५ चा कायदा असताना तो त्याचा आधार का घेत नाही? याचे उत्तर कथेच्या नावातच आहे. तक्रार करावयाची तर आधी जात सांगावी लागेल, आणि जात सांगणे हेच तर संकट आहे. ज्या दाराने मदत मागावयाची तेच दार मारेकऱ्यांना आत घेणारे आहे. प्रहार झाल्यावर जागा होणारा कायदा अशा माणसाला प्रहारापूर्वी निरुपयोगी असतो, हे सत्य बागुलांनी कोणतेही भाष्य न करता कथेच्या बांधणीतच ठेवले आहे.

बागुलांची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. काशीनाथचा सुरा नायकाचा जीव वाचवतो; पण उधन्याच्या त्या कामावर दुसऱ्या दिवशी काय होईल, हे कथा सांगत नाही. कथेने ते सांगावे अशी अपेक्षाही अस्थानी ठरेल. पण वाचकाने तो प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. सुऱ्याने एक प्रहार थांबतो, प्रहाराची सवय थांबत नाही.

४

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे ही आता मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा भाग आहेत. हौशी मंडळींचा एक संच प्रयोगासाठी गावी येतो. वेळ घालवण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडतो आणि आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे करतो. खेळता खेळता तो खटला खरा होतो. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांला हे नाटक प्रथमपासून शाळेचे नाटक वाटत आले आहे. शाळा रंगमंचावर येत नाही हे खरे. पण पहिल्या अंकात बेणारे आपल्याविषयी जे अभिमानाने सांगते ते सारे शाळेचे आहे. आपल्या शिकवण्यात कोठे बोट ठेवायला जागा नाही, मुलांचा जीव आपल्यावर आहे, हे ती सांगते. आणि त्याच बोलण्यात शाळेत आपल्याविरुद्ध चौकशी चालू असल्याचेही ती सांगून जाते. शेवटच्या अंकात काशीकर शिक्षणसंस्थेच्या चालकांचे दूरध्वनीवरील बोलणे आपल्या कानी आल्याचे सांगतात, आणि तिची नोकरी गेल्यात जमा आहे हे आपल्याला कळते. तिचे म्हणणे शाळेत कोणी ऐकून घेतल्याची खूण नाटकात कोठेही नाही. खोट्या न्यायालयात निदान आरोपीला शेवटी बोलावयास दहा सेकंद मिळतात. खऱ्या शाळेने तेवढेही दिलेले दिसत नाहीत. तेंडुलकरांच्या उपहासाची सर्वांत तीक्ष्ण धार आम्हांला येथे जाणवते.

या नाटकात कोणी कोणावर हात टाकत नाही असे नाही. बेणारेला बळेच ओढून पिंजऱ्यात उभे केले जाते. पण हिंसेचे मुख्य साधन हात नसून थट्टा आहे. आरंभीची थट्टा निरुपद्रवी आहे, बेणारे स्वतःही त्यात पुढे आहे. मग हळूहळू थट्टेचा रोख एकाच माणसाकडे वळतो. ज्याची चेष्टा होत आहे त्याने हसावे अशी अपेक्षा असते, आणि तो हसेनासा झाला की त्यालाच खिलाडूवृत्ती नाही असे ठरते. ज्या कोणी शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत किंवा कारखान्याच्या उपाहारगृहात दहा-वीस वर्षे काढली आहेत त्याला हा क्रम ओळखता येईल. थट्टा कोणत्या क्षणी छळ होते, हे ठरविण्याची तेंडुलकरांची कसोटी सोपी आहे. ज्याची थट्टा चालली आहे त्याला उठून जाता येते का? नाटकाच्या आरंभी खोलीत शिरताना दाराच्या कडीत बेणारेचे बोट चिमटते. पुढे ती बाहेर पडू पाहते तेव्हा तीच कडी अडकलेली असते. कडी कोणी मुद्दाम लावलेली नसते. दार मुद्दाम बंद केलेले नसले तरी ते बंदच असते, आणि आतल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

नाटकातील सामंत हे पात्र आम्हांला या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. तो गावातला, भोळा, बेणारेविषयी सहानुभूती असलेला माणूस. मंडळींच्या आग्रहाने तो साक्षीदार होतो आणि हाती आलेल्या पुस्तकातला मजकूर बोलून जातो. तोच मजकूर बेणारेच्या विरुद्ध पुरावा ठरतो. सारे संपल्यावर तो तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून निघून जातो. बडोद्यातील त्या दोन परिचितांचा हा सख्खा भाऊ. त्याच्या मनात वाईट काही नाही, आणि त्याच्या हातून चांगले काही घडत नाही. कामाच्या जागेवरील हिंसेत बहुसंख्य माणसे सामंत असतात. छळ करणारे दोन-चार आणि छळ सोसणारा एक, बाकीचे सारे पोपट ठेवून घरी जाणारे.

नाटकाविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते, पण ती नाटककाराविरुद्ध नाही. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे ही माणसे इतकी हास्यास्पद रंगविली आहेत की प्रेक्षक त्यांना हसतो आणि स्वतःला त्यांच्यातून वगळतो. शाळेचे चालक तर रंगमंचावर येतच नाहीत. त्यामुळे आमच्यासारख्या शाळा चालविणाऱ्या माणसांना हे नाटक पाहून आरामात टाळ्या वाजविता येतात. हा नाटकाचा दोष नव्हे, प्रेक्षकाने करून घेतलेली सोय आहे. पण ती मोडून काढणे हे समीक्षेचे काम आहे.

५

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. फडके आणि खांडेकर यांच्या काळापासून कला जीवनासाठी की कलेसाठी हा वाद आपण घालीत आलो आहो. तेव्हा कोणी म्हणेल की कथेला आणि नाटकाला अशा रीतीने नोकरशाहीच्या अहवालाप्रमाणे वाचणे हा कलाकृतीवर अन्याय आहे. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. बागुलांच्या कथेतून सूचनापत्रक तयार करता येणार नाही आणि करूही नये. परंतु आम्ही वर जे दाखविले ते कलाकृतीबाहेरचे नाही. प्रथमपुरुषी निवेदन, अडकलेली कडी, दहा सेकंदांची मुदत, हे सारे कलेचेच घटक आहेत, आणि त्यांचा अर्थ कामाच्या जागेच्या संदर्भात अधिक उघडतो. ज्या वाचनाने कलाकृतीतील बारकावे अधिक दिसू लागतात ते वाचन कलेला परके कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. हिंसा टाळण्यासाठी चौकशी, समिती, नियम हवेत असे म्हणावे, तर चौकशी स्वतःच छळाचे साधन होऊ शकते. आपल्या साहित्याने हेही दाखविले आहे. गो. पु. देशपांडे यांच्या १९७४ च्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकात एका प्राध्यापकाची त्याच्या राजकीय मतांसाठी विद्यापीठाची समिती चौकशी करते. येथे आरडाओरड नाही, थट्टा नाही, कोणी दार अडवीत नाही. प्रश्न सभ्य आहेत, भाषा सुसंस्कृत आहे, आणि तरीही एका माणसाचे सारे आयुष्य मेजावर उलगडून ठेवण्यात येते. बेणारेला चौकशीत बोलावयास मिळत नाही. या प्राध्यापकाला बोलावेच लागते. दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते. नुसती समिती असणे पुरेसे नाही. ती कशाची चौकशी करते, कृत्याची की माणसाची, यावर ती हिंसा रोखते की हिंसा करते हे ठरते.

६

आता कायद्याकडे वळू. खाजगी शाळांतील नोकरांच्या सेवाशर्तींविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा आहे, आणि त्याखालील नियम १९८१ चे. चौकशीवाचून बडतर्फी करता येऊ नये आणि अन्याय झाल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागता यावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. बेणारे रंगमंचावर आल्यानंतरची ही दहा-चौदा वर्षे. पुढे राजस्थानात बालविवाह रोखण्याचे शासकीय काम करणाऱ्या एका साथिनीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती असावी, तिची अध्यक्ष स्त्री असावी, एक सदस्य बाहेरची असावी, चौकशी नव्वद दिवसांत संपावी, तक्रारदाराचे नाव उघड होऊ नये, चौकशी चालू असता तिला रजा किंवा बदली मिळू शकावी, असे त्याने ठरविले. नाव झाकून तक्रार पुढे नेता येणे आणि बाहेरच्या माणसाने आत येणे, या दोन तरतुदी वाचताना आम्हांला उधन्याचा नायक आणि अडकलेली कडी आठवल्यावाचून राहत नाही.

तथापि हा कायदा एका प्रकारच्या छळापुरता आहे. त्याहून व्यापक दृष्टी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २१ जून २०१९ रोजी स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात आहे. एकदाच घडलेले किंवा पुनःपुन्हा घडणारे, शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक इजा करणारे वा करू शकणारे वर्तन आणि तशा वर्तनाची धमकी हीही हिंसाच, असे तो मानतो. आणि कामाची जागा म्हणजे केवळ यंत्र किंवा मेज नव्हे. विश्रांतीची आणि जेवणाची जागा, हात धुण्याची जागा, कामावर येण्याजाण्याचा रस्ता, मालकाने दिलेली राहण्याची जागा, कामानिमित्तचे प्रवास आणि समारंभ, हे सारे त्याने आपल्या कक्षेत घेतले आहे.

या यादीकडे साहित्याच्या वाचकाने क्षणभर थांबून पाहावे. जेवणाची जागा म्हणजे रामचरणच्या घरचे पान आठवते. राहण्याची जागा म्हणजे बडोद्याचे ते अंधारे दालन. ते मालकाने दिलेले नव्हते, संस्थानने त्या नोकराला जागाच दिली नव्हती, आणि सारे अरिष्ट तेथूनच आले. समारंभ म्हणजे हौशी मंडळींचा तो खेळ. जगातील राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी २०१९ मध्ये जी जागा नकाशावर आखली, ती आपल्या लेखकांनी अर्धशतकापूर्वी पायाखाली घातली होती. यात मराठीचा डौल मिरविण्याचा आमचा हेतू नाही. उलट खेदच आहे. इतक्या आधी दिसलेली गोष्ट आपण वाचकांनी इतकी वर्षे केवळ साहित्यिक गुणांच्या चर्चेत ठेवली.

७

मग शिक्षकाने काय करावे? या कृती उच्च माध्यमिक किंवा महाविद्यालयीन वर्गात शिकविताना आपण नेहमी विचारतो की अपराधी कोण? विद्यार्थी चटकन उत्तर देतात आणि विषय संपतो. आमची सूचना अशी की आणखी तीन प्रश्न विचारावेत. हे घडणार आहे हे सर्वांत आधी कोणाला कळले असते? त्या वेळी त्याला काय करता आले असते? आणि जो सोसत होता त्याला कोणत्या दाराने बाहेर पडता आले असते? या प्रश्नांनी वाचन अंतिम दृश्याकडून मागे, आधीच्या पानांकडे वळते. मग विद्यार्थ्यांना शिपायाचा कागद दिसू लागतो, रामचरणचा पाहुणचार दिसू लागतो, पहिल्या अंकातले हसू दिसू लागते. पुढे हीच मुले कचेऱ्यांत, रुग्णालयांत, कारखान्यांत, शाळांत कामाला लागणार आहेत. त्यांतली फार थोडी काशीकर होतील, फार थोडी काशीनाथ होतील. बहुतेक सामंत होतील. त्यांच्यासाठी ही नाटके आणि कथा शिकवावयाच्या आहेत.

आणि हेच प्रश्न शाळा चालविणाऱ्यांनी स्वतःलाही विचारावेत. शिक्षकांच्या खोलीत कोणाच्या नावाने हसे होते आणि तो हसत नाही? कोणाचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला जातो? कोणाची पाळी नेहमी शेवटच्या तासाला लागते? कोणाविषयीची कुजबुज चालकांपर्यंत पोचते आणि त्याला स्वतःला ती शेवटी कळते? यांतील एकही गोष्ट गुन्हा म्हणून नोंदविता येणार नाही. पण यांतील प्रत्येक गोष्ट मुख्याध्यापकाच्या खोलीतून एका शब्दाने थांबविता येते, आणि वेळीच थांबविली तर पुढे समितीची, न्यायाधिकरणाची किंवा सुऱ्याची गरज पडत नाही. अधिकार म्हणजे शिक्षा करण्याची शक्ती असे आपण समजतो. वस्तुतः अधिकाराचा खरा उपयोग शिक्षेची वेळ येऊ न देण्यात आहे.

बागुल, तेंडुलकर आणि देशपांडे यांच्या कृतींत असा शब्द वेळेवर उच्चारणारे माणूस आम्हांला आढळत नाही. त्यांनी ज्या कामाच्या जागा पाहिल्या तेथे बहुधा तो नव्हताच. पुढे एखाद्या मराठी लेखकाने त्याला रंगवावे, आदर्श म्हणून नव्हे, चुकतमाकत, भीतभीत का होईना पण वेळेवर बोलणारा साधा माणूस म्हणून, अशी आमची इच्छा आहे. तोवर त्याची उणीव वाचकाने आपल्या परीने भरून काढावी. त्यासाठी प्रतिभा लागत नाही, एवढे तरी आपल्या हाती आहे.